वेखंडाचे वेढे

बदलापूर गाव
शनिवार, १२ एप्रिल २०२५

तेजल,

अभिजीतने तुझी चिठ्ठी दिली. सहा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. गंधारच्या कानाचं ऑपरेशन करण्याआधी डॉक्टरांना सगळं लेखी हवं आहे, असं तू लिहिलंस. वेखंड म्हणजे नक्की काय, कुठे उगवतं, कशाला वापरतात, आणि आजीने त्याला किती दिलं, किती दिवस दिलं. शेवटी 'खरं लिही' लिहून खाली दोन रेघा मारल्यास. 'आई' असं कुठेच नाही. चिठ्ठी मी उलटूनही पाहिली.

फोनवर पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण माझा नंबर तू बंद केला आहेस. बदलापूरहून अंबरनाथ एवढंसं लांब, तरी दारात पाऊल टाकायचं नाही हेही तूच सांगितलंस. तेव्हा पत्र. एकतीस वर्षं अंगणवाडीचे तक्ते भरले, मुद्द्याला धरून लिहिता येतं मला.

वेखंड एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं. पानं लांब, उभी, कमरेइतकी; चुरगळली की उग्र वास येतो. औषध पानात नसतं, चिखलाखाली आडव्या पसरलेल्या मुळीत असतं. मुळी बोटाएवढी जाड, पेरापेरांची. बी क्वचितच धरतं, म्हणून मुळीचेच तुकडे लावतात. जमीन चिकण, पाणी धरणारी हवी. भाताला करतो तसा चिखल करायचा आणि मृगाच्या पावसानंतर दीड-दीड वितीवर तुकडे दाबायचे, कोंब तेवढा वर ठेवायचा. सुरुवातीला दोन बोटं पाणी, नंतर चार. साचलेलं पाणी चालतं, सावली चालत नाही. घरामागच्या खाचरात ओढ्याचा पाझर बारा महिने असतो, म्हणून आपल्याकडे ते तगलं. पलीकडे सात मजली इमारत झाल्यापासून दुपारनंतर अर्ध्या वाफ्याला ऊन नाही आणि त्या बाजूची मुळी पेन्सिलीएवढीच होते. डॉक्टरांना हे नको असेल तर खोडून टाक.

वर्ष झालं, खालची पानं पिवळी पडली, की पाणी तोडायचं आणि मुळ्या उपटायच्या. धुऊन, तंतू छाटून, बोटभर तुकडे सावलीत वाळवायचे. मग गोणपाटात घालून घासले की वरचं टरफल निघतं. हे काम मी आणि तानी करतो. तानी तुला ठाऊक आहे, पण डॉक्टरांसाठी लिहिते: बारवी धरणाकडच्या वाडीतली बाई, वीस वर्षं आपल्या खाचरात येते. पहिली मुळी तिच्याच माणसांनी तुझ्या आजीला, बनूबाईंना, आणून दिली होती.

आता गंधार. बाळगुटीतून रोज एक वेढा. वेढा म्हणजे ओल्या सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवायची, तेवढ्यात जे उगाळून निघेल ते. तुझ्या दुधातून. पहिल्या वाढदिवसापर्यंत दिलं, मग बंद केलं. एवढंच.

खाली काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून नाव लिहिते.

वेणू


शनिवार, २६ एप्रिल

तेजल,

पत्र परत आलं. तू 'एवढंच' या शब्दाभोवती लाल गोल केला आहेस. शाळेत असताना मी तुझ्या शुद्धलेखनाला करायचे तसा.

अभिजीत हेल्मेट हातात धरूनच उभा होता. चहा नको म्हणाला, मग प्यायला.

"आई, तारखा पाहिजेत तिला," तो म्हणाला. "ऑपरेशनमध्ये भूल देणार ना, डॉक्टर बोलले हिस्ट्री क्लिअर पाहिजे. आता लपवून काय फायदा?"

"गंधार काय करतो?"

"ठीक आहे. मशीन लावून घेतो कानाला, मग काढून फेकतो. त्याचा काही यूजच नाय होत त्याला." कप खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या घराचा रस्ता आला की बाइकवर हात दाखवतो. मी सरळ नेतो."

तुझा नवरा कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर मलाही उलटून चार शब्द बोलता आले असते.

आधी उपयोग लिहिते. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूला आणि छातीला वेखंडाची पूड चोळतात, सर्दी होऊ नये म्हणून. पोट फुगलं तर बेंबीभोवती लेप लावतात. डोक्यात उवा झाल्या तर पाण्यात कालवून लावतात. तांदळाच्या डब्यात दोन तुकडे टाकले की पोरकिडे होत नाहीत. पोटात जास्त गेलं तर उलट्या होतात. आणि मूल बोलायला उशीर करत असेल, अडखळत असेल, तर मधात उगाळून जिभेला चाटवतात. माझ्याकडे लोक या शेवटच्यासाठी यायचे, वांगणीपासून उल्हासनगरपर्यंतचे. बोलेनात पोरं की जा वेणूबाईकडे.

याला कारण शेजारचा चेतन. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत 'मम्' याच्यापुढे गाडी नव्हती. मी तीन महिने मध-वेखंड दिलं. आता तो कबड्डीच्या सामन्यांना माइकवर असतो आणि बंद कर म्हटलं तरी करत नाही. तो न देताही बोललाच असता, असं तुम्ही शिकलेले म्हणता. म्हणत असाल. सुंठीवाचून खोकला गेला तर वैद्याला कोण विचारतं? माझ्या पदरात मात्र तो चेतन पडला आणि मी त्याच्यावर वीस वर्षं काढली.

गंधारचं वाढदिवसाला बंद केलं हे खरं नाही. दीड वर्षाचा झाला तरी शब्द फुटेना, तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी मधातून दोन वेढे. हे तुला माहीत होतं. तू लॅबमध्ये कामाला जायचीस, सकाळी त्याला माझ्याकडे सोडताना तूच विचारायचीस, "आई, आज मंगळवार ना?" हे मी तुझ्यावर ढकलत नाही. तारखा हव्यात म्हणून लिहिते.

दोन वर्षांचा झाला तेव्हा तुमच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटातून काही देऊ नका आणि एकदा कान तपासून घ्या. लॉकडाऊनमधला जन्म, तेव्हा ती तपासणी राहूनच गेली होती. तू मला विचारलंस. मी म्हटलं, कान ठणठणीत आहेत, सहाण घासायला घेतली की पाठमोरा असला तरी वळून बघतो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

तेव्हा मी द्यायचं बंद केलं. जून २०२३.

वेणू


शनिवार, १७ मे

तेजल,

यावेळी पत्र परत आलं नाही. फक्त अभिजीत म्हणाला, "ती बोलली, अजून खरं येऊ दे."

या आठवड्यात वेखंड काढलं. पाच दिवस गुडघाभर चिखलात. तानी म्हणाली, "बाय, यंदाची मुळी बारीक हाय. पन वास बग कसा, डोक्यात जातो." मला वास आला नाही. सर्दी नाही, काही नाही. जेवणाचीही चव हल्ली लागत नाही, पण जेवते वेळेवर, काळजी नसावी. कोणाला असेल तर.

बुधवारी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून एक बाई आली, सोनिया नावाची, कपड्याचं दुकान आहे त्यांचं. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. म्हणाली, "आंटी, आमच्या शेजारणीने सांगितलं, तुमच्याकडे ती मुळी मिलती. बच्ची काहीच बोलत नाय. सास रोज सुनावते मला."

तानीने तिला बसायला दिलं. मी मुलीच्या हातात डबा दिला खेळायला, तिच्या पाठीमागे गेले आणि दोन हात लांब उभी राहून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. मुलगी गर्रकन वळली. मग अगदी हळू वाजवला. तरी वळली. मग मी तिचं नाव कुजबुजले. हसली.

"हिला ऐकू येतं असं वाटतं," मी म्हटलं. "तरी माझ्यावर जाऊ नका. कानाच्या डॉक्टरकडे मशीनवर तपासून घ्या, मग बोलण्याच्या डॉक्टरकडे. मी काही देणार नाही."

"इतक्या दूरून आले ना मी."

"दिसतंय."

"सब को देते हो, मला का नाय? पैसे पाहिजेत तर बोला ना!"

तिला वाटलं मी भाव खाते आहे. रडकुंडीला येऊन गेली. तानी माझ्यावर चिडली, तुकडाभर दिला असता तर काय खाचर आटलं असतं, म्हणाली. मी हातपाय धुतले आणि भाकऱ्या केल्या.

आता खरं. जून २०२३ ला बंद केलं नाही. तू बंद कर म्हणालीस त्या दिवसापासून मी रोज द्यायला लागले. तू गेलीस की नऊ वाजता, मधात तीन वेढे. तू वास ओळखशील म्हणून नंतर केळं भरवायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मी त्याचं तोंडही दोनदा धुवायचे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे तू त्याला नेलंस तोवर. सोळा महिने. शेवटचे आठ महिने तीन नव्हे, पाच वेढे. दोनदा त्याला उलटी झाली. एकदा आंबा बाधला, एकदा बिस्किट बाधलं, असं तुला सांगितलं होतं; ते खोटं होतं.

सहाणेकडे वळायचा ते खोटं नव्हतं. स्वयंपाकघरातला लाकडी बाक आठवतो ना? त्याच्या एका टोकाला मी सहाण ठेवायचे, दुसऱ्या टोकाला तो पाय हलवत बसलेला असायचा. मी मुळी फिरवायला लागले की भिंतीकडे तोंड असलं तरी वळायचा आणि आ करायचा. रोज. शंभर वेळा पाहिलं मी ते. लाकडातून घासण्याची थरथर त्याच्या मांड्यांना लागत होती, हे मला कळलं नाही. ज्या घरात सहाण नाही त्या घरात ही चूक झालीच नसती. तिथे पोराला हाका मारून बघितल्या असत्या.

तू विचारशील, ताटलीची परीक्षा मी कधीपासून करायला लागले. ते आज लिहवत नाही.

वेणू


शनिवार, ३१ मे

तेजल,

आज अभिजीत यायच्या आत लिहून संपवायचं ठरवलं आहे. पाठ दुखते हे कारण आठवडाभर पुरलं.

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार. आदल्या दिवशी बाकाचा पाय मोडला म्हणून सुतार तो घेऊन गेला होता. मी सहाण दगडी ओट्यावर ठेवली. गंधार खाली सतरंजीवर, माझ्याकडे पाठ करून, झाकणं एकावर एक रचत होता. मी मुळी घासायला लागले. तो वळला नाही. खेळात रमला असेल म्हणून जोरात घासली. मग नाव घेतलं. मग ओरडले. मग ताटली आणि चमचा घेऊन त्याच्या मागे उभी राहिले. ताटली त्याच्या डोक्यापासून वीतभर होती. तो झाकणं रचत राहिला. सात झाली होती, आठवं पडलं, तेव्हा वळून माझ्याकडे बघून हसला.

तेव्हा मला कळलं.

अंगणवाडीच्या तक्त्यात 'आवाजाकडे वळतो का' असा रकाना असतो. मी शेकडो मुलांपुढे त्यात खूण केली आहे. दोन मुलांपुढे फुली मारली आणि त्यांच्या आयांना हात धरून सरकारी दवाखान्यात पाठवलं, भांडून पाठवलं. तेव्हा मला समजत नव्हतं असं डॉक्टरांनी समजू नये. काखेत कळसा होता आणि गावाला वळसाही मी घातला नाही, जागची हललेच नाही.

तू संध्याकाळी साडेसहाला आलीस. "काय म्हणतो आज?" विचारलंस. मी म्हटलं, "सात झाकणं रचली."

का सांगितलं नाही, हे डॉक्टर विचारणार नाहीत. तू विचारशील. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आधी आपण बघू, पाच वेढे दिले तर काही फरक पडतो का. महिना गेल्यावर सांगायचं म्हणजे महिनाभर का गप्प होते तेही सांगावं लागलं असतं. मग दोन महिने झाले. 'कान ठणठणीत आहेत' हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. बाहेर लोक मला मुलांना बोलतं करणारी म्हणत होते आणि माझ्याच घरातलं मूल बहिरं होतं. मला लाज वाटली, तेजल. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

जूनमध्ये, त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला, तू स्वतः म्हणालीस, "आई, एकदा कानाची टेस्ट करून टाकूया का गं? उगाच मनात नको." केक कापून झाला होता, तू ताटल्या गोळा करत होतीस. मी म्हटलं, "पावसाळा होऊ दे, आता दवाखान्यांत सगळी साथीची पोरं असतात." तू बरं म्हणालीस. तुझ्या आवाजात सुटल्यासारखं होतं काहीतरी. ते मला अजून ऐकू येतं.

दसऱ्याच्या रात्री तुमच्या इमारतीखाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला, सगळी पोरं दचकून रडली आणि गंधार झोपून राहिला. ते तुझं तू पाहिलंस आणि तिसऱ्या दिवशी तपासणी केलीस. मग तू इथे आलीस आणि ओट्यावर मधाची वाटी पाहिलीस. तेव्हा तू मला वेखंडाबद्दल बोललीस. इतक्या महिन्यांचा तुझा राग वेखंडाचा आहे. म्हणून हे लिहिणं भाग होतं. मला आठ महिने माहीत होतं. मी तुझ्यापासून ते लपवलं. त्या आठ महिन्यांत त्याच्यावर काही करता आलं असतं.

डॉक्टरांना याचा उपयोग नसेल तर हे पान वेगळं काढून ठेव. पण वाच.

वेणू


शनिवार, २१ जून

तेजल,

अभिजीत तीन आठवडे आला नव्हता. आज आला. दारातच म्हणाला, "तुमचं चौथं पत्र वाचलं तिने. गंधारचे कपडे घडी करून ठेवले, परत काढले, परत घडी केले. मग लॅबला गेली."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर बोलले, त्या मुळीमुळे झालं नाही हे. जन्मापासूनच होतं त्याला. पोटातून द्यायला नको होतं, ते वेगळं, डेंजर असतं ते लहान पोरांना. पण बहिरेपण त्याने आलं नाय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "लेट झालं, एवढंच बोलले. वर्षभर आधी आणलं असतं तर रिझल्ट चांगला आला असता. आता मेहनत जास्त लागेल."

तो सांगत होता आणि मी मान हलवत होते. तुला खरं सांगते, गेले आठ महिने मला वाटत होतं की मुळीनेच केलं असेल. वेढे जास्त झाले, कानात उतरलं असेल काहीतरी. रोज सकाळी खाचराकडे बघून मी तिला शिव्या द्यायचे. आता तेही नाही. मुळीने काही केलं नाही, मी केलं. हे ऐकून रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अभिजीत गेल्यावर मी डाळ निवडायला घेतली आणि निवडून झालेलीच पुन्हा निवडली.

पाऊस लागून झाला. गेल्या आठवड्यात तानी लावणीला आली. तुकडे ओल्या गोणपाटात बांधून ठेवले होते, त्यांना कोंब आलेले. मी म्हटलं, यंदा नको लावायला.

"मंग खाचराचं काय करतीस?"

"पडू दे."

"पडून काय व्हतंय? पाझर हाय तिथं काय तरी उगवनारच. तू नको लावू, मी लावतंय." तिने लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. "बाय, मुळी काय कोनाच्या तोंडात आपली आपन जातीय का? कोनाला द्यायची न् कशाला द्यायची, त्ये तू बग."

तिला चौथ्या पत्रात काय लिहिलं ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. बांधावर बसून, सगळं, फेब्रुवारीपासून. तिने हातातले तुकडे लावून संपवले, मग वर आली.

"त्येव्हा मी व्हते की हितं," ती म्हणाली. "मला का नाय सांगितलंस?"

ती भाकर न खाता गेली. दुसऱ्या दिवशी मात्र आली आणि उरलेला अर्धा वाफा लावला.

आता मी पूड देते ती फक्त लावायला आणि धान्यात टाकायला. बोलत नाही म्हणून मूल घेऊन आलं कोणी, तर आधी कान तपासल्याचा कागद दाखवा म्हणते, आणि कागद असला तरी चाटवायला देत नाही, डॉक्टरकडे पाठवते. पहिल्या महिन्यात सात जण आले, नंतर दोन. वेणूबाईचा हात गेला, असं बोलतात. बोलू देत.

अभिजीतकडून कळलं, ऑपरेशन ३ जुलैला आहे. मी येणार नाही, तू बोलावलेलं नाहीस. उपास वगैरे धरलेला नाही. धरायचा मला काय अधिकार? त्या दिवशी घरी असेन. काही लागलं, रक्त वगैरे, तर माझा गट तुझाच आहे, गंधारचाही तोच.

वेणू


शनिवार, २३ ऑगस्ट

तेजल,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाठ झाली आहे, तरी पुन्हा लिहून काढते, म्हणजे समजण्यात चूक नको.

'ऑपरेशन नीट झालं. मशीन चालू केलं. आवाज कळतो, पण त्याचा अर्थ कळत नाही. स्पीचच्या मॅडम म्हणतात, घरात दिवसभर त्याच्याशी बोलणारं माणूस हवं. प्रत्येक गोष्टीचं नाव, शंभर वेळा, न कंटाळता. पाळणाघरात ते होणार नाही. माझी रजा उद्या संपते. सोमवारपासून सकाळी साडेआठला ये, सहा वाजता जा. घरात कुठलीही मुळी, पूड, मध आणायचं नाही. मॅडम सांगतील तेवढंच करायचं. त्याच्याशी बोल. माझ्याशी बोलायचं नाही.'

अभिजीत दारात उभा होता. मी 'हो' म्हणायला गेले आणि घशातून आवाजच निघाला नाही. घरात दुसरं कोणी नाही, तुझे बाबा गेल्यापासून तशी सवय आहे, पण ऑक्टोबरपासून मी कामापुरतंच तोंड उघडत होते. खाकरून दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा निघाला.

त्याने फोनवर गंधार दाखवला. कानामागे काळी गोल चकती, केस तेवढेच कापलेले. उंच झाला आहे. तू मागून टाळी वाजवतेस आणि तो वळतो. हवेतून आलेल्या आवाजाला वळतो. घाबरून वळतो आणि तुला बिलगतो. मी ते तीन वेळा पाहिलं. चौथ्या वेळी अभिजीतने फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला, कारण मी कुठे आहे ते मलाच कळत नव्हतं. मग मी पुष्कळ रडले. बरं वाटलं असं नाही, पण रडले.

दुपारपासून सराव करते आहे. ही वाटी. हा चमचा. पाणी. पाणी ओतलं. पाणी सांडलं. दार उघडलं. तानी मागच्या दाराने आली, म्हणाली, "कोनाशी बोलतीस गो?" तिला सांगितलं. तिने कोपऱ्यातला झाडू उचलून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, झाडू. तिने सूप धरलं. मी म्हटलं, सूप. असं करत अर्ध्या घराचं बोलून झालं.

अटी सगळ्या मान्य आहेत. साडेआठ म्हणजे सव्वाआठला दाराबाहेर असेन. पिशवीत माझा डबा आणि चष्मा, उघडून दाखवीन. बुधवारी गणपती आहेत, त्या दिवशी यायचं की नाही ते अभिजीतकडून कळव. स्पीचच्या मॅडमना माझं सगळं आधीच सांगून ठेव, फेब्रुवारीचंही. त्यांना नंतर कळायला नको.

हे शेवटचं पत्र. तुझ्या घरात येऊन गेल्यावर संध्याकाळी इथे बसून तुला पत्र लिहिणं म्हणजे बोलणंच झालं, आणि बोलायचं नाही असं ठरलं आहे. तू दार उघडशील, मी आत येईन, तू चपला घालशील आणि जाशील. सहाला तू येशील, मी जाईन. मधे गंधार असेल, त्याच्याशी मी बोलेन. तू कधीपर्यंत असं ठेवणार ते मी विचारणार नाही.

म्हणून आत्ताच लिहून घेते. तेजल, मला तुझी फार आठवण येते. सोमवारी तू समोर असशील आणि मला हे सांगता येणार नाही.

आई